रोलरचा उसासा

रोलर नीट चालत राहिला तर पंजाबरावच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. बसायला लोखंडी आसन, डोक्यावर पत्रा, आणि नावाला राव. आसन आणि पत्रा ठेकेदार पुंडलिकरावचा. रस्ता आर्णीला पोचला की रोलर यवतमाळला परत जाणार आणि त्याच्याबरोबर ही दोन्ही जाणार. राव मात्र कुणाच्या मालकीचा, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. बोरी अरबात तो जन्मल्यापासून पंजाब्या होता. यवतमाळच्या मोटार स्टँडवर क्लीनरकी केली तेव्हा नुसता 'ए' होता. मग ठेकेदाराने लिलावात घेतलेला, लढाईच्या काळातला हा डिझेल रोलर आला, त्याच्या हँडलचा दणका खाऊन दोन ड्रायव्हर पळाले, आणि याने तो चालवून दाखवला. ज्या दिवशी तो धडधडत बाजारापाशी आला, त्या दिवशी हॉटेलवाल्याने बाकावरचा माणूस उठवला आणि म्हटलं, "बसा पंजाबराव." चहा आला, पण कसा होता ते त्याला नंतर आठवेना. तो राव खडीसाखरेसारखा गालात धरून बसला होता, लवकर विरघळू नये म्हणून. पुढे त्याने हळूहळू अंदाज घेतला. रोलरच्या सावलीत तो पंजाबराव असायचा. पाणी प्यायला विहिरीपर्यंत गेला की पंजाब. आणि किसनराव मुकादमाच्या घरावरून जाताना अजूनही पंजाब्या. म्हणजे राव इंजनाचा होता. इंजन चालू असलं की जवळ यायचा, बंद पडलं की लांबून बघायचा.

आणि त्या सकाळी इंजन पुन्हा बंद पडलं. आधी धडधड एक ठोका चुकली, मग दोन, मग खोकल्यासारखं काहीतरी झालं, आणि ते लोखंडाचं धूड मुरमावर जागच्या जागी बसलं. सगळ्यात वाईट काय असेल तर ती शांतता. मांड्यांमधली थरथर एकदम जात नाही, ती थोडा वेळ अंगात चालूच राहते, जणू माणूस सुरू आहे आणि मशीन मेली आहे. मग त्या शांततेत एकेक आवाज येऊ लागतो. गिट्टीवर पडणारी हातोडी, टोपलं खाली टाकणाऱ्या बाईच्या बांगड्या, दारव्ह्याच्या जिनाकडे कापूस घेऊन निघालेल्या बंड्यांची चाकं. बंडीवाले रोलर चालू असला की बैल आवरत कडेला थांबायचे. आता ते मधून निघाले आणि जाताना वर बघू लागले. पंजाबरावला वाटलं, आपण नदीवर उघडे बसलोय आणि कुणी कपडे उचलून नेलेत. त्याने उगाच एक तरफ मागेपुढे केली. काहीतरी करताना दिसलं पाहिजे, इतकंच. खाली किसनराव छत्री टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. किसनराव बोलला नाही की काय म्हणतोय ते सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं.

तो काय म्हणत होता ते जुनं होतं, दसऱ्यापासूनचं. दसऱ्याला पंजाबराव रजा घेऊन नागपूरला जायचा. छप्पन साली तिथे दीक्षा घेतली तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं. पण दसऱ्यालाच इकडे हत्यारांची पूजा असते. तो नसताना किसनरावने कुदळी, फावडी, घमेली मांडली, सगळ्यांना कुंकू लावलं, आणि शेवटी रोलरकडे वळला. रोलरला कुठे पुजायचं? चाकाला लावलं तर मुरमात जाणार. नाकाडावर डिझेलच्या टाकीचं झाकण होतं, पितळी, गोल, वर बोंडासारखी मूठ असलेलं. किसनरावला ते मारुतीच्या मस्तकासारखं दिसलं. त्याने तेलात शेंदूर कालवला आणि झाकण बोटाच्या पेराएवढं जाड लिंपलं. इथवर ठीक होतं. पण मारुती म्हटला की शनिवार आला. दर शनिवारी नवा लेप चढू लागला. दिवाळीनंतर रोलर बंद पडू लागला. आणि दोन गोष्टी एकामागून एक झाल्या की किसनरावला त्यांच्यातला संबंध शोधायला वेळ लागत नसे. देव बसवला आहे आणि ड्रायव्हर त्याला हात जोडत नाही. मग देव चालेल कशाला?

पंजाबराव हसला होता हे ऐकून. मोठ्याने हसला होता, चारचौघांत, आणि हसताना टोपी कपाळावर तिरकी केली होती. त्याने शपथ घेतली होती की दगडधोंड्यापुढे वाकणार नाही, आणि तो वाकत नव्हता. पण पुसतही नव्हता. इथे हिशेबात एक फडकं येतं. रोज डिझेल भरताना झाकण उघडावं लागे, तेव्हा तो खिशातून फडकं काढी, झाकणाभोवती गुंडाळी आणि मग फिरवी. नलूने, त्याच्या बायकोने, एकदा ते पाहिलं. ती रस्त्याच्या गँगमध्ये मुरूम वाहायची. टोपलं डोक्यावर तसंच ठेवून तिने विचारलं, देव नाही म्हणता तर त्याला विटाळ कायले धरता? तो म्हणाला, विटाळ नाही, तत्त्व आहे. ती म्हणाली, तत्त्वाले तेल लागते वाटते. आणि निघून गेली. तो शब्द त्याच्या कानात कुसळासारखा राहिला. कारण खरं काय ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. लहानपणी आई त्याला वेशीबाहेरच्या शेंदराच्या दगडावरून नेताना तोंड दाबून न्यायची. ओलांडू नको, बोट दाखवू नको, सावली पडू देऊ नको. नागपूरला पांढऱ्या कपड्यांच्या त्या अफाट गर्दीत उभं राहून त्याने ते सगळं मोठ्याने टाकून दिलं होतं. तोंडाने टाकलं होतं. बोटांना कुणी विचारलं नव्हतं.

बाकीच्यांचीही आपापली कारणं होतीच. किसनराव झाकणाला हात लावायचा तो फक्त लेप चढवायला, कारण तो देव होता. पंजाबराव लावत नव्हता, कारण तो देव नव्हता. रामसिंग मिस्त्री यवतमाळहून सायकलला अवजारांची पिशवी बांधून यायचा, तो लावत नव्हता, कारण दुसऱ्याच्या देवात पडायचं नाही असा त्याच्या तांड्याचा आणि धंद्याचा नियम होता. रामसिंग हुशार होता. नळी तोंडात धरून फुंकायचा, फिल्टर धुवायचा, पंपावरचा स्क्रू ढिला करून डिझेलच्या फेसातली हवा काढायचा, आणि मग हँडल मारलं की इंजन सुरू. हवा धरते, एवढंच तो सांगे. कुठून धरते ते पुढच्या खेपेला पाहू म्हणे. पण हँडल मारलं की सुरू व्हायचं हे किसनरावच्या नारळाच्या बाबतीतही खरं होतं. एकदा रामसिंग यायच्या आतच त्याने नारळ फोडला आणि इंजन सुरू झालं. एकदा किसनरावचा भाचा नागोराव नुसता आसनावर बसला आणि सुरू झालं. नागोरावने घाटंजीला कुणाच्यातरी ट्रॅक्टरवर महिनाभर काढला होता आणि तेव्हापासून तो पँट घालत होता. जो कुणी काही करी त्याला यश येई. नापास होणारा एकटा पंजाबराव, कारण बंद पडताना आसनावर तोच असायचा.

बाजाराच्या दिवशी ओव्हरसियर येणार होता, नाल्याच्या चढावरची दबाई बघायला. पुंडलिकरावने यवतमाळहून निरोप पाठवला होता आणि तो किसनरावने सगळ्यांसमोर, शब्द चघळत सांगितला होता: साहेबासमोर रोलर थांबला, तर दुसऱ्या दिवसापासून नागोराव बसेल, पंजाबने घमेलं धरावं. घमेल्याची लाज नव्हती. नलू तेच उचलत होती. पण वरून खाली येण्याची जी मधली जागा असते, त्या चार पायऱ्या, त्या त्याला स्वप्नात दिसू लागल्या. आणखीही एक होतं, जे त्याने नलूलाही सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तो झाकणासमोर उभा राहिला होता. लाल, तेलकट, डोळे नसलेलं ते मुंडकं त्याच्याकडे बघत होतं. आणि त्याच्या मनात आलं, जोडले एकदा हात, तर कोण पाहतंय? हात वर आले नाहीत. पण विचार आला होता. तो विचार घेऊन तो पालात परतला आणि भाकरी खाताना नलू काहीतरी म्हणाली तर तिच्यावर खेकसला.

बाजाराच्या दिवशी चढ अर्धा झाला आणि ठोका चुकला. ओव्हरसियरची जीप वरच्या अंगाला, बाभळीखाली उभी होती. त्या बाभळीच्या काट्यांना जाणाऱ्यायेणाऱ्या बंड्यांमधला कापूस अडकून ती फुलल्यासारखी दिसत होती. दुसरा ठोका चुकला. पंजाबरावने काय काय केलं ते हातांनी केलं, मन पुढे जाऊन पायऱ्या मोजू लागलं होतं. खोकला. मग ती शांतता. ब्रेक दाबून त्याने चाकामागे दगड लावायला सांगितलं. ओव्हरसियरने घड्याळ पाहिलं. त्याला कुणाच्या देवाधर्माशी देणंघेणं नव्हतं, जेवणाआधी यवतमाळ गाठायचं होतं. किसनरावने छत्री मिटली आणि बोलला, फार प्रेमाने बोलला.

"उतर बाप्पा आता. नागोरावले बसू दे."

पंजाबराव उतरला. पण जमिनीपर्यंत नाही. पायरीवरून तो तसाच रोलरच्या नाकाडाकडे सरकला, टाकीपाशी. डिझेल आहे का बघतो म्हणाला. ते बघणं नेहमीचंच होतं. बंद पडलं की पहिली गोष्ट तीच, झाकण उघडायचं आणि गज बुडवून बघायचा. खिशात हात घातला तर फडकं नव्हतं. पालात राहिलं असेल. गँगच्या बाया टोपली खाली ठेवून बघत होत्या. क्षणभर त्याचा हात हवेत राहिला. आणि मग, आता गमवायला काय उरलंय असा एक उलटा आनंद त्याच्या पोटातून वर आला आणि त्याने उघड्या पंज्याने ते झाकण धरलं. शेंदूर गार होता. लोण्यासारखा मऊ होता. बोटं त्यात रुतली आणि काहीही झालं नाही. आभाळ होतं तिथेच होतं. त्याने झाकण फिरवलं, आणि फुस्स झालं.

"ऐकलं का?" किसनराव साहेबाला म्हणाला. "देव उसासा टाकून राह्यला. दर टायमाले टाकते."

दर वेळी टाकत होता, हे खरं. पंजाबरावने तो उसासा दिवाळीपासून ऐकला होता, रामसिंगने ऐकला होता, सगळ्या गँगने ऐकला होता. पण आजवर तो फडक्यातून ऐकला होता आणि आज उघड्या हाताने. उसासा तोंडावर येतो. हा आला नाही. मनगटावरच्या केसांना काहीतरी लागलं होतं, पण ते बाहेर येणारं नव्हतं, ते आत जाणारं होतं. त्याने झाकण परत बसवलं आणि खाली बघून नागोरावला म्हटलं, मार हँडल. नागोराव गोंधळला, पण त्याने मारलं. इंजन उठलं. टाकी अर्ध्याखाली गेलेली होती, वरच्या पोकळीतली हवा ओढली जायला वेळ लागणार होता, म्हणून पंजाबराव तिथेच, तापलेल्या पत्र्यावर, धुरात बसून राहिला. खालून किसनराव काहीतरी ओरडत होता. ठोका चुकेपर्यंत तो वाट बघत बसला, जशी कुणी येणाऱ्या गाडीची वाट बघतं, आणि जेव्हा ठोका चुकला तेव्हा त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. त्याने झाकण काढलं. फुस्स. लगेच दुसरा पंजा उघड्या तोंडावर पूर्ण दाबला. इंजन अजून मरत होतं, मेलं नव्हतं, आणि टाकीने त्याचा तळहात ओढला. लेकरू छाती ओढतं तसा ओढला. त्याने पंजा उचलला. इंजनाने एक आवंढा गिळला आणि धडधड पुन्हा सरळ झाली.

मग त्याला बाप कामाला होता ते कापसाचं जिन आठवलं. काळ्या अंगाचा बाप, पायाशी तेलाचा बंद डबा, हातात खिळा. बाप डब्याला एक भोक पाडायचा आणि लगेच समोरच्या कोपऱ्यात दुसरं. तेल तर एकातूनच येतं, मग हे दुसरं कायले, असं त्याने विचारलं होतं. बापाने दुसऱ्या भोकावर नुसतं बोट ठेवलं होतं. तेलाची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. बोट उचललं, धार सुरू. बाप हसला होता. तंबाखूने काळे झालेले ते दात पंजाबरावला इतक्या वर्षांनी, आर्णीच्या रस्त्यावर, भर उन्हात दिसले. त्याने झाकण उलटं केलं. मुठीच्या खाली, आतल्या बाजूने, सुईएवढं छिद्र होतं. ते आरपार बाहेर निघायला हवं होतं आणि बाहेर दसऱ्यापासूनचा मारुती बसला होता. टाकीला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. बंद पडल्यावर डिझेल बघायला तो झाकण उघडी तेव्हा तेवढा श्वास मिळे, आणि यश नारळाला जाई. जितकं इंजन अडत होतं तितका लेप चढत होता, आणि जितका लेप चढत होता तितकं अडत होतं.

इथे पंजाबरावला एक गोष्ट अगदी सोपी होती. नखाने तो शेंदूर खरवडायचा, छिद्र दाखवायचं आणि म्हणायचं, हा बघा तुमचा देव. तो तसं म्हणेल अशी सगळ्यांची तयारी होती. किसनरावचा चेहरा तर आधीच आवळला होता. पंजाबराव वर बसला होता, इंजन खाली धडधडत होतं, आणि त्या थरथरीत त्याचं डोकं कधी नव्हे इतकं थंड चाललं. खरवडला तर आजचा दिवस आपला. उद्या गावात त्याच्या लोकांना पाण्यापासून दळणापर्यंत कोण कसं अडवील ते वेगळं. न खरवडला तर घमेलं. मधे काहीतरी असलं पाहिजे. त्याने झाकण दोन्ही हातांनी धरलं, आदराने की सावधपणाने ते ज्याचं त्याने ठरवावं, आणि खाली वाकून किसनरावपुढे केलं.

"मुकादम, हा तुमचा देव घरी न्या. इथं धुळीत त्याचा जीव घाबरून राह्यला."

कुणी हसलं नाही. एका बाईने पदर तोंडात कोंबला. किसनरावने झाकणाकडे पाहिलं, मग चालू इंजनाकडे, मग ओव्हरसियरकडे. त्याला कळलं नाही असं कुणी समजू नये. किसनराव मूर्ख नव्हता, नुसता मुकादम होता. त्याला एवढंच मोजायचं होतं की हात पुढे केला तर काय जातं आणि नाही केला तर काय. त्याने खांद्यावरचा दुपट्टा पसरला आणि झाकण त्यात घेतलं.

"मी तेच म्हणून राह्यलो होतो," तो म्हणाला. "देवाले रस्त्यावर ठेवू नाई."

आता टाकीचं तोंड उघडं पडलं आणि मुरमाची धूळ उडत होती. ती धूळ डिझेलात गेली तर पंप बसला. नागोराव, बिचारा, बाभळीवरचा कापूस ओरबाडून मूठभर घेऊन आला. त्याच्या तंतूंनी नळी तुंबेल म्हणून पंजाबरावने ती मूठ परत केली. त्याला जुनं, धुऊन धुऊन विरलेलं, सूत न सोडणारं कापड हवं होतं. असं कापड त्यांच्या पालात एकच होतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने नलूकडे बघायचं टाळलं. पण ती आधीच गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरं लुगडं होतं, छप्पनचं. दीक्षेला नेसलेलं, दर दसऱ्याला एकदा नेसून घडी घालून ठेवलेलं. त्याने हात पुढे केला.

"राहू द्या. तुमी फाडसान तं वाकडं फाडसान."

तिने काठ दाताने तोडला आणि सरळ, एका ओढीत, पदराचा हातभर तुकडा फाडला. तो आवाज इंजनाच्या वरून त्याला ऐकू आला. तुकडा त्याने टाकीच्या तोंडावर ताणून सुतळीने बांधला, आसनावर बसला, आणि दांडा पुढे केला.

मग दिवसभर तो थांबला नाही. गरज नव्हती तेव्हाही थांबला नाही. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे. चाकाखाली गिट्टी आधी कुरकुरायची, मग कडकडायची, मग तक्रार सोडून द्यायची आणि एकमेकींत बसायची. ओव्हरसियरने टाच मारून दबाई पाहिली, वहीवर सही केली आणि जीप काढली. पंजाबरावला ती गेलेली दिसलीही नाही. इंजनाचा प्रत्येक ठोका आपण स्वतः मारतोय असं त्याला वाटत होतं. टाकीवरचं पांढरं कापड आत खेचलं जाई, परत सैल होई, खेचलं जाई, सैल होई, आणि तो त्याच्याकडे बघत राही. श्वास घेणारी वस्तू बघत राहावीशी वाटते. बंडीवाले बैल आवरून कडेला उभे होते. त्यातल्या एकाने हात वर केला. पंजाबरावने मुद्दाम हात वर केला नाही. टोपी मात्र तिरकी केली, आणि मग न राहवून तोंड उघडून ओरडला, काहीतरी, अर्थ नसलेलं, नुसता आवाज. इंजनात तो कुणाला ऐकू आला नाही. उजव्या पंज्याला शेंदूर तसाच होता. दांड्याला लागला, टोपीला लागला. त्याने पुसला नाही. पुसायचं काही कारणच उरलं नव्हतं.

शेवटी कुणाला किती पडलं ते असं. किसनरावच्या देव्हाऱ्यात पितळी मारुती बसला आणि दूरदूरच्या बाया दर्शनाला येऊ लागल्या. रस्त्यावर गुदमरलेला देव म्हणून त्याचं नाव झालं, आणि रोलर सुरू झाला तो त्याला घरी आणल्यामुळे, असं किसनराव सांगू लागला. ते एका अर्थी खोटंही नव्हतं. रामसिंगचं जाणंयेणं बुडालं. तो म्हणे, शेवटची हवा मी नीट काढली होती. नागोरावला नाल्याच्या कामावर पाण्याचा पंप मिळाला आणि पँट सार्थकी लागली. पुंडलिकरावने नवं झाकण उद्या पाठवतो म्हणून सांगितलं, आणि त्याचं उद्या आर्णी चार कोसांवर आली तेव्हा उजाडलं. तोवर धुळीने फडकं काळं पडलं की नवा तुकडा लागायचा, तो नलू त्याच लुगड्यातून सरळ फाडून द्यायची. पंजाबराव आसनावर राहिला. पुढच्या दसऱ्याला नागपूरच्या पांढऱ्या गर्दीत नलू एकटी हिरव्या लुगड्यात उभी राहिली. आजूबाजूच्या बायांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकीने विचारलंच, काहून व बाई, पांढरं नाही का? नलूने पदर खोचला, पंजाबरावला बाजूला सारलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, उसाशाच्या आवाजासकट. बाया हसत हसत खाली बसल्या, मागच्या पुढे आल्या, आणि ज्यांना ऐकू आलं नाही त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. या सगळ्याचं मोल भरलं तिनेच होतं. तिने ते तिथे उभ्या उभ्या वसूल केलं.